चौकटीबाहेरचा लांडगा

अमेरिकेतल्या कुठल्याही राष्ट्रीय उद्यानातल्या दुकानात गेलं की एका फळीवर कापडी बिल्ले टांगलेले दिसतात. यलोस्टोनच्या बिल्ल्यावर बायसन आणि उसळणारा गीझर, योसेमिटीच्या बिल्ल्यावर हाफ डोमचा कातळ, ग्लेशियरच्या बिल्ल्यावर पांढरा डोंगरी बोकड. उद्यानं 63 आहेत आणि सगळीकडचे बिल्ले जमवून पाठपिशवीवर शिवणारी माणसं पुष्कळ. आपली मराठी मंडळीही त्यात आली. उन्हाळी सुट्टीत मुलांना घेऊन निघालेल्या किती कुटुंबांच्या घरी असे बिल्ले, पोस्टर्स आणि उद्यानांचे शिक्के मारलेली पासपोर्ट-पुस्तिका असते!

माझ्या घरात या बिल्ल्यांवरून वाद होतो. माझा भाऊ पुण्यात आयुष्यभर बोधचिन्हं आणि मुखपृष्ठं काढत आला. माझी मुलगी मोंटानात वन्यजीवशास्त्र शिकली आणि तिथेच काम करते. मामाच्या मते ही चित्रं नसती तर ही उद्यानं उभीच राहिली नसती. भाचीच्या मते चित्रात ज्याला जागा मिळाली नाही, त्याला जमिनीवरही मिळाली नाही. वाद मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो लिहून काढते आहे.

मामा: तू बिल्ल्यांकडे बघू नकोस, त्यांच्या आज्याकडे बघ. 1938 ते 1941. महामंदीतून देश अजून पुरता सावरला नव्हता. सरकारी रोजगार योजनांतून चित्रकारांना काम मिळत होतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला, उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क सर्व्हिसची एक कार्यशाळा होती, तिथे उद्यानांची 14 पोस्टर्स छापली गेली. सगळी हातानं, स्क्रीन प्रिंटिंगनं. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. एक रंग ओढायचा, वाळवायचा, मग दुसरा. जाळी केसभर सरकली तर डोंगराची कड फाटते. म्हणून चित्रकाराला आधीच ठरवावं लागतं की काय सोडायचं. हजार छटांचा तो ग्रँड टिटनचा डोंगर, त्याला सहा-सात सपाट रंगांत बसवायचा. सावलीला काळा लावला की डोंगर मरतो, तिथे जांभळा किंवा गडद निळा हवा. मी चाळीस वर्षं हेच करत आलो, त्यामुळे मला ती पोस्टर्स बघताना त्या माणसांचे हात दिसतात.

भाची: हात मलाही दिसतात, मामा. पण ती पोस्टर्स पुढे विसरलीच गेली ना?

मामा: गेली. महायुद्ध आलं, काम थांबलं. प्रती मुळात थोड्या, त्याही कुठेकुठे खिळ्यांनी ठोकून संपल्या. मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डग लीन नावाचा रेंजर ग्रँड टिटनमध्ये जुनं कोठार साफ करत होता. जाळायला काढलेल्या सामानात त्याला एक पोस्टर मिळालं. पुढे पार्क सर्व्हिसच्या हार्पर्स फेरीच्या संग्रहात बाकीच्या पोस्टर्सचे कृष्णधवल फोटो सापडले आणि त्यानं ती पुन्हा छापायला घेतली. कृष्णधवल! ज्यांची मूळ प्रत मिळाली नव्हती त्यांचे रंग ताडून ठरवावे लागले. आज तुझ्या पिढीची माणसं जी 'जुन्या धाटणीची' पोस्टर्स घेतात, ती सगळी त्या कोठारातून निघाली. आणि एक गोष्ट विसरू नकोस. त्या मूळ पोस्टर्सवर चित्राखाली माहिती होती: रेंजरबरोबर पायी भटकंती, शेकोटीभोवतीची व्याख्यानं, संग्रहालय. म्हणजे चित्र तुला थांबवून ठेवत नव्हतं, आत पाठवत होतं.

भाची: हे मी मान्य करते. आणि त्याच्याही मागे जाऊ. 1871 मध्ये हेडनच्या सरकारी सर्वेक्षण मोहिमेबरोबर टॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार यलोस्टोनला गेले. त्यांची चित्रं आणि फोटो वॉशिंग्टनमध्ये फिरले. 1 मार्च 1872 ला यलोस्टोनचा कायदा झाला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं मोरानचं यलोस्टोनच्या दरीचं भलंमोठं तैलचित्र 10,000 डॉलर देऊन विकत घेतलं. ज्यांनी कायद्यावर मत दिलं त्यांपैकी बहुतेकांनी ती दरी पाहिलीही नव्हती. त्यांनी चित्र पाहिलं होतं.

मामा: मग वाद कशाचा?

भाची: वाद इथूनच सुरू होतो. त्यांनी चित्र राखायचं ठरवलं. जमीन तशी असते कुठे? लांडग्याचंच घे. 1914 ते 1926 या काळात यलोस्टोनमध्ये किमान 136 लांडगे मारले गेले. चोरट्या शिकाऱ्यांनी नाही, सरकारी माणसांनी. विष घालून, सापळे लावून, बिळातली पिल्लंसुद्धा. कारण लोकांना जे बघायचं होतं त्यात सांबरासारखा दिसणारा एल्क होता, हरीण होतं, अस्वल होतं. लांडगा त्यांना खाणारा, म्हणून तो नको. अस्वलाला तर कचऱ्याच्या ढिगावर जेवायला घालून समोर बाकं मांडली होती, लोक संध्याकाळी बघायला जमायचे. हे जिवंत बोधचिन्हच होतं. लांडगा त्या चौकटीबाहेर राहिला आणि 1926 नंतर जमिनीवरूनही गेला.

मामा: अगं, लांडगा मारला तो गुराढोरांच्या मालकांनी आणि त्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्यांनी. चित्रकाराच्या माथी का मारतेस?

भाची: मालकांनी उद्यानाबाहेर मारला. उद्यानात तर गुरं नव्हती. तिथे तो मारला गेला तो शोभेच्या प्राण्यांसाठी. एल्क वाढले, त्यांनी ओढ्याकाठची विलोची झाडं आणि कोवळे अ‍ॅस्पेन खाऊन टाकले. शेवटी 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडावे लागले. सुधारणा किती लांडग्यामुळे आणि किती इतर कारणांनी, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत, पण सत्तर वर्षं एक जागा रिकामी होती हे कुणी नाकारत नाही.

मामा: आणि आज यलोस्टोनच्या दुकानात लांडग्याचा बिल्ला मिळतो की नाही?

भाची: मिळतो.

मामा: तेच म्हणतो मी. बोधचिन्ह बदलतं. लोक शहाणे झाले की चित्रही होतं.

भाची: कधीकधी चित्र उरतं आणि प्राणी जातो, त्याचं काय? कॅलिफोर्नियानं 1911 मध्ये ग्रिझली अस्वलाचा ध्वज कायद्यानं स्वीकारला. 1924 च्या सुमारास त्या राज्यातलं शेवटचं ग्रिझली दिसलं, सेकोया उद्यानाच्या परिसरात. शंभर वर्षं झाली, प्रत्येक शाळेवर ते अस्वल फडकतं आहे. मुलांना वाटतं ते डोंगरात कुठेतरी असेलच.

मामा यावर थोडा वेळ काही बोलला नाही. मला हा मुद्दा भाचीच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम वाटतो. ध्वज लाव, पदक काढ, नाणं पाड, की मन भरतं. राखायचं काम झाल्यासारखं वाटतं. मामा मात्र झाडाचं उदाहरण घेऊन परत वादात उतरला.

मामा: मग सेकोयाचं झाड घे. पार्क सर्व्हिसच्या स्वतःच्या बोधचिन्हात ते उभं आहे. दोन-तीन हजार वर्षं जगणारं झाड. ते चित्रात आलं म्हणून तोडणाऱ्यांच्या करवतीतून वाचलं. इथे तरी चित्राचं पुण्य मान.

भाची: करवतीतून वाचलं, खरं आहे. पण चित्रात झाड हिरवं, खोड लाल, खालची जमीन झाडून काढल्यासारखी. आग कुठेच नाही. आणि सेकोयाला आग हवी असते, मामा. त्याचे शंकू वर्षानुवर्षं मिटलेले राहतात. खालून आगीची धग गेली की ते वाळून उघडतात आणि बिया सांडतात. बी रुजायला पालापाचोळा जळून मोकळी झालेली माती हवी. जवळजवळ शतकभर प्रत्येक आग विझवली गेली, रोपं उगवेनात आणि खाली जळण साठत राहिलं. 1960 च्या दशकात हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, तेव्हा सेकोया आणि किंग्ज कॅन्यनमध्ये ठरवून, आटोक्यातली आग लावायला सुरुवात झाली. तीही पुरेशी नाही. 2020 आणि 2021 च्या वणव्यांत मोठ्या सेकोयांपैकी अंदाजे 13 ते 19 टक्के झाडं गेली. कितीतरी आगी पचवलेली झाडं या आगींत उभी जळाली. उन्हाळे तापले आहेत, दुष्काळ लांबले आहेत हे एक कारण, आणि साठलेलं जळण हे दुसरं.

मामा: 2021 मध्ये जनरल शेरमन नावाच्या सेकोयाच्या बुंध्याला चमकता, आग परतवणारा पत्रा गुंडाळला होता, तो फोटो मी जपून ठेवला आहे. माणसं त्या झाडाच्या पायाशी इतकी लहान दिसत होती! ते का वाचवायला धावले? शास्त्रज्ञांचा निबंध वाचून? अगं, त्या झाडाला नाव होतं, चेहरा होता. ओळखीचं झाड होतं ते.

भाची: धावले ते बरंच झालं. पण त्याच आगीत ज्या झाडांना नाव नव्हतं ती गेली, त्यांचा फोटो कुणाकडे नाही.

मामा: तर मग तुझ्या मते चित्र काढूच नये?

भाची: असं मी कधी म्हटलं? मी विचारते की चित्रात काय सोडायचं हे कोण ठरवतं. पार्क सर्व्हिसच्या त्या बोधचिन्हाचा आकारच बघ. 1951 मध्ये मंजूर झालं. बाणाचं टोक. आत सेकोया आणि बायसन म्हणजे वनस्पती आणि प्राणी, डोंगर आणि पाणी म्हणजे निसर्गशोभा. आणि बाणाचं टोक कशाचं प्रतीक? इतिहासाचं आणि पुरातत्त्वाचं. म्हणजे ज्यांनी ते बाण केले ते लोक पुरातत्त्वात जमा. आणि ते साल बघ. 1951 मध्ये योसेमिटीच्या दरीत त्या लोकांची वस्ती उभी होती. त्याच्या बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1851 मध्ये, मारिपोसा बटालियननं दरीत शिरून तिथल्या मूळच्या अहवाह्नीची लोकांची घरं जाळली, धान्य जाळलं. तरी त्यातले काही परत आले, राहिले, उद्यानात कामं करत राहिले. 1969 मध्ये उरलीसुरली वस्तीही पाडून टाकली.

मामा: हे मला माहीत नव्हतं.

भाची: आणि गंमत म्हणून सांगत नाही, ही माझ्या विषयातली गोष्ट आहे. दरीतलं जे मोकळं माळरान वॅटकिन्स या छायाचित्रकारानं 1861 मध्ये फोटोत टिपलं, ज्या फोटोंमुळे 1864 मध्ये लिंकननं ती दरी राखायच्या कायद्यावर सही केली, ते माळरान त्या लोकांनीच राखलेलं होतं. ते ठरावीक काळानं गवताला आग लावत, म्हणजे ओकची झाडं टिकतील, त्यांची फळं दळून खायला मिळतील, हरणांना चारा होईल. लोक गेले, आग गेली आणि सूचिपर्णी झाडं माळरानात घुसली. चित्र राखायचं म्हणून चित्र करणाऱ्यांनाच बाहेर काढलं.

इथे मला बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आठवलं आणि मी मध्ये पडले. तिथल्या पाड्यांवर, येऊरकडे आणि आरेकडेही, वारली लोकांची वाघोबाची ठाणी आहेत. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेंदूर, वाघबारशीला नैवेद्य. तेही बोधचिन्हच की! पण ते पाहुण्यासाठी काढलेलं नाही. ज्यांच्या अंगणापर्यंत बिबट्या येतो त्यांनी काढलेलं आहे, आणि त्याबरोबर दोन्हीकडची बंधनं ठरलेली आहेत: आम्ही तुझा मान राखू, तू आमच्या पोराढोरांना सांभाळ. मुंबईसारख्या शहरात बिबट्या आणि माणूस शेजारी राहतात, त्यामागे या समजुतीचाही वाटा आहे असं मी ठामपणे मानते. आणि त्याच पाड्यांना 'अतिक्रमण' म्हणून नोटिसा मिळतात, तर वारली चित्रं मात्र सरकारी भिंतीवर शोभेला असतात.

भाची: आई, हेच मी सांगते आहे. कुणी काढलं, कुणासाठी काढलं.

मामा: पण ताई, वाघोबाही सपाटच आहे ना? दोन डोळे, मिशा, चार पाय. तुझ्या वारल्यांनीही हजार गोष्टी सोडल्याच. सोडल्याशिवाय चिन्ह होत नाही. आता मी एक गोष्ट सांगतो, ती ऐक. 1960 च्या दशकात अमेरिकेत आधुनिक संकल्पनांची लाट होती. चर्मायेफ आणि गाइस्मार ही न्यूयॉर्कची नामांकित जोडी, मी विद्यार्थिदशेपासून त्यांचं काम अभ्यासलेलं. त्यांनी पार्क सर्व्हिसला नवं चिन्ह करून दिलं: तीन कोन आणि मध्ये तीन ठिपके. 1968 मध्ये बाणाचं टोक काढून तेच लावायचं ठरलं. त्याच सुमाराला वरच्या गृहखात्याच्या मोहोरेतला बायसन जाऊन तिथे दोन हात आले. रेखाटन म्हणून निर्दोष, मी आजही वर्गात दाखवीन. पण रेंजर्सना ते रुचलं नाही. 1969 मध्ये बायसन परत आला, बाणाचं टोकही परत आलं. का? माणसाला ठिपक्यावर जीव लावता येत नाही. त्याला शिंगं लागतात, वशिंड लागतं.

भाची: गृहखातं म्हणजे आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे हं, आई, तिथे ते जमीन आणि जंगलं सांभाळतं. पण मामा, तुझी ही गोष्ट मला आवडली. कारण तो बायसनही थोडक्यात वाचलेला आहे. एकेकाळी कोट्यवधी होते. 1902 मध्ये यलोस्टोनमध्ये रानटी बायसन जेमतेम दोन डझन उरले होते. चिन्हात आला तेव्हा तो मरता मरता राहिलेला प्राणी होता.

मामा: आणि चिन्हानं त्याला जागा दिली.

भाची: भिंतीवर दिली. जमिनीवर अजून पुरती नाही. हिवाळ्यात यलोस्टोनची हद्द ओलांडून मोंटानात उतरणाऱ्या बायसनांवरून दरवर्षी वाद होतो, पाळीव गुरांना रोग लागेल म्हणून. 2016 मध्ये त्याला देशाचा राष्ट्रीय सस्तन प्राणी केलं, तरी हद्दीबाहेर तो नकोसाच. मी काम करते त्या भागातली एक गोष्ट मात्र वेगळी घडली. ग्लेशियर उद्यानाचा पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा ब्लॅकफीट या मूलनिवासी लोकांचा होता. 1895 मध्ये उपासमारीच्या काळात त्यांनी तो सरकारला दिला, शिकारीचे आणि लाकूडफाट्याचे हक्क राखून. 1910 मध्ये तिथे उद्यान झालं आणि ते हक्क नाकारले गेले. आणि पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वे त्याच लोकांची रंगीत चित्रं कॅलेंडरवर छापून प्रवासी आणत होती. विनोल्ड राइस नावाच्या चित्रकाराची ती चित्रं.

मामा: राइस! अगं, काय व्यक्तिचित्रं आहेत ती. एकेक चेहरा नाव घेऊन, समोर बसवून काढलेला. त्याला नावं ठेवू नकोस.

भाची: त्याला ठेवत नाही. ब्लॅकफीट घरांतही ती कॅलेंडरं जपून ठेवलेली आहेत, आपल्या आजोबांची चित्रं म्हणून. मी रेल्वेबद्दल बोलते आहे. आणि पुढे ऐक. 1870 च्या दशकात ब्लॅकफीट प्रदेशात पकडलेल्या काही बायसन वासरांचा वंश कॅनडात एल्क आयलंड उद्यानात टिकून होता. त्यांतली 87 वासरं 2016 मध्ये ब्लॅकफीटांनी परत आणली. जून 2023 मध्ये त्यांनी त्यातला एक कळप चीफ माउंटनच्या पायथ्याशी कुंपणाबाहेर सोडला. तिथून ग्लेशियरची हद्द जवळ, कॅनडाची सीमाही जवळ. कळपानं त्या ओलांडाव्यात अशीच सोडणाऱ्यांची इच्छा आहे.

मामा: मग ग्लेशियरच्या बिल्ल्यावर आता बायसन हवा.

भाची: हवा. आणि बर्फ? 1850 च्या सुमारास तिथे दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या. आता पुरेशा आकाराच्या पंचवीसच्या आसपास. उद्यानानं 2020 पर्यंत त्या संपतील अशा पाट्या लावल्या होत्या, त्या नंतर बदलाव्या लागल्या. बोकडामागचा पांढरा भाग तू किती ठेवणार?

मामा: कागद कोरा सोडला की बर्फ होतो, तेवढीच ती जागा. पण तू म्हणतेस तसं असेल तर एक करता येईल. चित्राखाली साल घालायचं. त्या सालात जेवढा बर्फ असेल तेवढाच काढायचा. दहा वर्षांनी नवं चित्र, नवं साल. जुने साचे मोडायचे नाहीत.

भाची: हे चालेल मला. म्हणजे एकाच घरात दोन बिल्ले असले तर फरक दिसेल.

मामा: पण मेलेल्याचा पंचनामा वाटता कामा नये. बोकड समोरच राहील, मानेचे केस वाऱ्यावर, तो मी सोडणार नाही.

भाची: सोडू नकोस. बायसन मात्र ब्लॅकफीट चित्रकारानं काढावा. त्यांच्यात जुन्या काळापासून तंबूच्या कातड्यावर तो रंगवतात, त्यांचा त्यांना ठाऊक आहे. आणि माणूसही हवा त्यात.

मामा: किती रंग मिळतील?

भाची: भरतकाम आहे, सात मिळतील.

मामा: सातात तिघं बसायला अडचण होते, आकार गोल ठेवला तर. आडवा करावा लागेल. बोकडाला जरा डावीकडे सरकवतो.